रात्र वैऱ्याची नाही : प्रस्तावना

महाभारताच्या उद्योगपर्वात एका जागरणाला सबंध एक उपपर्व दिलेलं आहे. त्याचं नावच प्रजागरपर्व. संजय पांडवांकडून परतला आहे. आल्या आल्या धृतराष्ट्राला चार खडे बोल सुनावून, रथाच्या प्रवासाने दमलो म्हणून तो झोपायला निघून गेला आहे. युधिष्ठिराचा निरोप मात्र उद्या भरसभेत सांगेन, असं म्हणाला आहे. तो निरोप काय असेल या विचाराने राजाच्या अंगाचा दाह होतो, झोप उडते, आणि तो विदुराला बोलावून घेतो. विदुर आधी झोप कोणाकोणाची उडते ते सांगतो : बलवानाने कोंडीत धरलेला दुबळा, ज्याचं सर्वस्व गेलं तो, कामातुर आणि चोर. मग अगदी साळसूदपणे विचारतो, महाराज, यातलं काही आपल्याला झालेलं नाही ना? की दुसऱ्याच्या धनावर डोळा ठेवल्यामुळे जीव जळतो आहे? पुढचे कित्येक अध्याय तो बोलत राहतो. त्यालाच आपण विदुरनीती म्हणतो. त्यानंतर सनत्सुजात येतात. उजाडतं. राजा झोपलेला नाही.

विदुराची यादी आजही बरीचशी पुरते. डोक्यावरचं कर्ज, कोर्टाची तारीख, हातची जाऊ घातलेली नोकरी, मोडलेलं लग्न. अशा वेळी झोप उडाली नाही तरच नवल. पण ज्या माणसासाठी हे पुस्तक लिहिलं तो या यादीत कुठेच नाही. त्याचं कर्ज फिटलेलं असतं. खटला निकाली निघालेला असतो. आजारी सासरे बरे होऊन गावी गेलेले असतात. झोप उडवणारं कारण केव्हाच संपलेलं आहे, आणि झोप काही परत आलेली नाही. तो दवाखान्यात येऊन खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, टेन्शन असं काहीच नाही हो. पण डोळ्याला डोळा लागत नाही. जरा झोपेचं काहीतरी द्या."

या 'काहीतरी'चं उत्तर बहुधा एका छोट्या गोळीने दिलं जातं. ते इतकं सोपं का नाही, आणि दुसरं कोणतं उत्तर आहे, हे सांगायला पुस्तकभर जागा लागली. प्रस्तावनेत त्या उत्तराची दिशा तेवढी दाखवतो.

त्याआधी एक गल्लत दूर करायला हवी, कारण वर्तमानपत्रांतल्या आरोग्याच्या पानांवर ती रोज होते. झोप न येणं वेगळं आणि झोपू न दिलं जाणं वेगळं. गिरणगावात गिरण्या पाळ्यांमध्ये चालत तेव्हा एका खोलीत इतकी माणसं राहत की रातपाळीचा कामगार सकाळी परतून आडवा होई तो दिवसपाळीचा उठून गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर. त्याला निद्रानाश नव्हता. त्याच्या झोपेवर पाळीचा आणि जागेचा ताबा होता. शेतीपंपाला वीज रात्री मिळते म्हणून आजही कित्येक शेतकरी ऐन थंडीत, साप-विंचवाच्या धास्तीत, बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. त्यांना कुणी "झोपण्याआधी मोबाईल बघू नका" असं सांगितलं तर ते हसतील, आणि बरोबरच हसतील. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. अशा योजनेने शेतकऱ्याची जेवढी झोप वाचेल तेवढी कुठल्याही डॉक्टरला वाचवता येणार नाही. पुण्यात अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी मुलं, रात्रीचे वॉचमन, वॉर्डातल्या सिस्टर या सगळ्यांचीही हीच गोष्ट. आवाजाचंही तसंच. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असावेत हा नियम २००० सालापासून आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरलेली आहे. ज्यांच्या खिडकीखाली मंडप असतो त्यांना त्या नियमाची तब्येत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक.

याबाबतीत आपल्याच देशातला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांच्या मनगटांवर झोप मोजणारी यंत्रं बांधून तो झाला आणि २०२१ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला. ही माणसं रात्री अंथरुणात जवळजवळ आठ तास असत आणि त्यातले साडेपाचच तास झोपलेली असत. उकाडा, डास, आवाज, उजेड, एकाच खोलीतली माणसं यांमुळे ती पुन्हा पुन्हा जागी होत. संशोधकांनी त्यांना गाद्या, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे दिले, झोपेविषयी सल्ला दिला, काहींना जास्त झोपण्याबद्दल पैसेसुद्धा दिले. रात्रीची झोप साधारण २७ मिनिटांनी वाढली. पण काम किंवा मिळकत काही सुधारली नाही, बहुधा तुटक झोपेचीच लांबी वाढली होती म्हणून. उलट, कामाच्या ठिकाणी शांत जागी दुपारी अर्धा तास डुलकी काढू दिली तेव्हा काम सुधारलं आणि मनही ताजं राहिलं. दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांना यातून जे समाधान मिळवायचं असेल ते त्यांनी खुशाल मिळवावं. मी मात्र पुढे निद्रानाशाच्या रुग्णाला वामकुक्षी बंद करायला सांगणार आहे. यात विसंगती नाही. ज्याची झोप बाहेरून तोडली जाते त्याला दुपारची झोप भरपाई आहे. ज्याची रात्री येतच नाही, त्याच्या रात्रीतून ती वजा होते.

तर निद्रानाश कशाला म्हणायचं? झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही झोप लागत नाही, किंवा मध्येच मोडते, किंवा पहाटे तीन-चारलाच उडते. आठवड्यातून किमान तीन रात्री असं होतं. किमान तीन महिने चालू आहे. आणि दिवसा त्याचा त्रास होतो, म्हणजे चिडचिड, थकवा, कामात लक्ष न लागणं. आज वैद्यकात मान्य असलेली व्याख्या साधारण अशी आहे. प्रौढ माणसांत दहातल्या एकाला तरी हा त्रास असतो असं जगभरचे अभ्यास सांगतात. व्याख्येतला 'संधी असूनही' हा भाग महत्त्वाचा आणि 'दिवसा त्रास' हाही तितकाच. साडेपाच-सहा तास झोपून दिवसभर टवटवीत असणाऱ्या आजोबांना कुठलाही आजार नाही. आठ तासांचा आकडा त्यांच्या माथी मारून त्यांना आजारी पाडू नये. टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने यांच्या झोपेची मोजदाद २०१५ साली प्रसिद्ध झाली. वीज आणि मोबाईलपासून दूर राहणारी ही माणसं सरासरी पावणेसहा ते सात तास झोपत होती, आणि निद्रानाशाची तक्रार त्यांच्यात अगदी विरळ होती. पूर्वी लोक दहा-दहा तास सुखाने झोपत, ही आपली ठाम समजूत बहुधा केवळ समजूतच आहे.

झोप येते कशी, हे झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली एका सुटसुटीत आराखड्यात मांडलं. एक, जागेपणाबरोबर वाढत जाणारी झोपेची भूक. माणूस जागा असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठतं आणि डोळे जड होत जातात. दुपारी दोन तास झोपलं की रात्रीची भूक मरते. चहा-कॉफीतलं कॅफीन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणजे भूक असून जाणवत नाही. आणि त्यातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. साडेपाचच्या चहाचा अर्धा भाग साडेदहाला तुमच्यासोबत अंथरुणात असतो. दोन, मेंदूतलं घड्याळ. डोळ्यांमागे खोलवर असलेला पेशींचा एक छोटा पुंजका दिवस-रात्रीचा ताल धरतो आणि तो ताल रोज उजेडाने जुळवून घेतो. या घड्याळाची पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. जाता जाता एक गंमत. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावर बेतली आहे त्याच्या पश्चिमेला मुंबई इतकी दूर आहे की तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे चालतो. नागपूरच्या डोक्यावर तो मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी येतो. दोन्हीकडे शाळा मात्र सातला भरते. मुंबईच्या पोरांना सकाळी उठवताना आयांचा जो घसा बसतो त्यात थोडा दोष भूगोलाचाही असावा.

बोर्बेलींच्या आराखड्यात न बसणारी तिसरी एक गोष्ट आहे, आणि हे पुस्तक खरं तर तिच्याविषयी आहे. ती म्हणजे पहारा. भूक कितीही असली, घड्याळ काहीही सांगत असलं, तरी धोका समोर असेल तर झोप बाजूला सारून जागं ठेवण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. रात्र वैऱ्याची आहे, जागा राहा, असं आपण म्हणतो, ते शरीर फार प्राचीन काळापासून पाळत आलं आहे. ज्यांना जुना निद्रानाश आहे त्यांचा हा पहारा उठलेलाच नसतो, रात्री नाही आणि दिवसाही नाही. म्हणून तर दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "इतकं थकायला होतं, पण दुपारी आडवं झालं तरी पेंगसुद्धा येत नाही." नुसती झोप कमी पडलेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतो. निद्रानाशाचा रुग्ण दिवसा थकतो, पण सहसा पेंगत नाही. तो पहाऱ्यावर आहे.

मग वैरी कोण? न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली याचं जे उत्तर दिलं त्याचा आजच्या बिनगोळीच्या उपचारांना मोठा आधार आहे. त्यांनी कारणांचे तीन थर सांगितले. काहींची झोप मुळातच सावध असते, तो पहिला. मग एखादं संकट येतं आणि झोप मोडते, तो दुसरा. विदुराची यादी इथे बसते. तिसऱ्या थरात माणूस झोप परत मिळवण्यासाठी जे जे करतो ते सगळं येतं. आणि संकट टळल्यावर निद्रानाशाला जिवंत ठेवतो तो हाच थर.

नमुन्यादाखल एक बाई डोळ्यांसमोर आणा. बँकेत नोकरी, दोन मुलं. नवऱ्याचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस इस्पितळात हेलपाटे, रात्रीची झोप गेली. ते स्वाभाविकच होतं. नवरा घरी आला, बरा झाला. बाईंना वाटलं, आता झोप भरून काढावी. म्हणून त्या साडेअकराऐवजी साडेनऊला अंथरुणावर पडू लागल्या. साडेनऊला झोपेची भूक पुरती लागलेली नसते, घड्याळही तयार नसतं. दोन तास कूस बदलण्यात गेले. त्या दोन तासांत उद्याचं काम, मुलांच्या फिया, आणि मुख्य म्हणजे 'अजून झोप कशी येत नाही' हा विचार. रविवारी नऊपर्यंत लोळून काढलं. त्यामुळे रविवारी रात्री बारापर्यंत टक्क. सकाळी डोकं जड म्हणून चहाचा एक कप वाढला. संध्याकाळचं फिरणं थकव्यामुळे बंद झालं. मैत्रिणीकडे जागरण नको म्हणून हळदीकुंकू टाळलं. 'आज झोप येईल ना?' हा प्रश्न आधी अंथरुणात पडत असे, तो जेवताना पडू लागला, मग दुपारी चारला ऑफिसात. आता त्या सोफ्यावर टीव्हीसमोर बसल्या बसल्या पेंगतात, उठून खोलीत जातात, उशीला डोकं टेकवतात आणि खाडकन जाग्या होतात. नवऱ्याचं दुखणं केव्हाच विसरलं गेलं. आता त्यांचा वैरी पलंग आहे.

पाहुण्यांच्या घरी, प्रवासात, अगदी एसटीच्या सीटवर आपल्याला छान झोप लागते आणि घरच्या गादीवर लागत नाही, हे सांगताना असे रुग्ण ओशाळतात. ओशाळण्यासारखं त्यात काही नाही. उलट रोगनिदानाला इतका भक्कम पुरावा क्वचित मिळतो. एसटीत कुणी झोपायचा प्रयत्न करत नाही.

सगळी मेख या 'प्रयत्ना'त आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मिळत नसेल ते कष्टाने मिळवावं. झोपेच्या बाबतीत कष्ट म्हणजे पहारा वाढवणं. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी अशा रुग्णांना उफराटं काम दिलं : झोपायचं नाही, उघड्या डोळ्यांनी पडून राहायचं. प्रयत्न सुटला की पुष्कळांना झोप लागे. जुन्या निद्रानाशाचा आज जगभर सर्वाधिक मान्य असलेला उपचारही असाच थोडा उफराटा आहे. निद्रानाशासाठीची बोधन-वर्तन चिकित्सा असं त्याचं लांबलचक नाव. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली आणि युरोपातल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ साली गोळ्यांच्या आधी तिला पहिलं स्थान दिलं. आपल्याकडे ती करणारे मोजकेच आहेत, म्हणूनच हे पुस्तक मराठीत लिहावंसं वाटलं.

तिचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली, अंथरुणातला वेळ कमी करायचा. दोन आठवडे रोज सकाळी वहीत नोंद ठेवायची : कधी आडवं झालो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलो, कधी उठून बसलो. समजा, बाई साडेनऊ ते साडेसहा असे नऊ तास अंथरुणात आहेत आणि सरासरी साडेपाच तास झोपतात. तर त्यांना साडेपाचच तास अंथरुण द्यायचं. रात्री साडेबारा ते सकाळी सहा. त्याआधी पडायचं नाही, सहानंतर लोळायचं नाही, रविवारीसुद्धा नाही. हे ऐकल्यावर रुग्णाचा चेहरा बघण्यासारखा होतो. झोप मागायला आलो आणि डॉक्टर आहे तीही काढून घेतायत! पण आपण झोप काढून घेत नाही, जागं पडून राहण्याचा वेळ काढून घेतो. पहिला आठवडा वाईट जातो. तसं न बजावता हा उपचार सुरू करणं म्हणजे फसवणूक आहे. संध्याकाळी आठपासून डोळे मिटू लागतात. तीच तर हवी असलेली भूक. हळूहळू साडेबाराला पडल्या पडल्या झोप लागू लागते, मधली जाग कमी होते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ ते ९० टक्के झोपेत जाऊ लागला की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र कुणालाही न्यायचं नाही. फिट्स येणारे, कधी अति उत्साह तर कधी अति खिन्नता असा मनाचा आजार असलेले, झोपेत चालणारे, आणि ट्रक-बस चालवणारे किंवा उंचावर, यंत्रांवर काम करणारे यांनी हा प्रयोग आपल्या मनाने अजिबात करू नये.

दुसरी गोष्ट रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितली. अंथरुण फक्त झोपेसाठी आणि कामसुखासाठी. पेंग येईल तेव्हाच पडायचं. वीसेक मिनिटं गेलीशी वाटली आणि झोप नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद उजेडात काहीतरी निवांत करायचं, पेंग आली की परत. परदेशी पुस्तकं इथे थांबतात. आपल्याकडे प्रश्न इथे सुरू होतो. दुसरी खोली कुणाकडे आहे? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं ओळीने झोपलेली, मधल्याने उठायचं तर दोघांना ओलांडून जावं लागतं, सासूबाई विचारणार, "काय गं, बरं नाही का?" मी यावर तोडगे काढत आलो आहे. दाराजवळची जागा मागून घ्यायची. अंथरुण गुंडाळून भिंतीला टेकून बसायचं, म्हणजे 'अंथरुणात नाही' हे शरीराला कळतं. बाहेरच्या कॉमन गॅलरीत स्टूल टाकायचं. आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवायचं की पंधरा दिवस हा वेडेपणा चालणार आहे, कुणी चौकशी करू नये. गादी जमिनीवर घालण्याची आपली पद्धत इथे चक्क सोयीची ठरते. पलंग गुंडाळता येत नाही.

घड्याळाचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. वीस मिनिटं अंदाजाने धरायची, बघायची नाहीत. रात्री तीनला किती वाजले ते कळून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. लगेच 'आता उरले साडेतीन तास' ही वजाबाकी सुरू होते. हल्ली मनगटावरचं घड्याळ सकाळी झोपेचे मार्क देतं. ते मार्क वाचून दिवस खराब करून घेणारी माणसं इतकी वाढली की २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या झोपेच्या सोवळेपणाला एक स्वतंत्र नावही देऊन टाकलं. खरं तर निद्रानाशाच्या रुग्णाला आपली झोप प्रत्यक्षापेक्षा कमी वाटते, असं प्रयोगशाळेत मेंदूचे आलेख काढल्यावर वारंवार दिसून आलं आहे. 'रात्रभर टक्क जागा होतो' म्हणणाऱ्या माणसाचे आलेख कित्येकदा चार-पाच तास झोप दाखवतात. तो खोटं बोलत नसतो. झोपेतही पहारा चालू असल्याने ती झोप त्याला झोप वाटत नाही.

आता गोळी. १९०३ साली बार्बिटाल बाजारात आलं तेव्हापासून दर पिढीला आपली झोपेची गोळी आधीच्यापेक्षा सुरक्षित वाटत आली आहे. बार्बिट्युरेट्सची जागा १९६०नंतर डायझेपामच्या कुळाने घेतली, मग झोलपिडेम आलं. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी झोलपिडेमचा डोस निम्म्यावर आणला, कारण सकाळी गाडी चालवतानाही ते त्यांच्या रक्तात पुरेसं उरलेलं असे. भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम ही सगळी 'एच-१' सूचीत आहेत : चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि केमिस्टने रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं सांभाळायची. तरी 'ती अर्धी गोळी' शेजारच्या काकूंच्या डब्यातून आलेली असते, हे सर्वांना माहीत आहे. मी गोळीच्या विरोधात नाही. घरात मृत्यू झाला, मोठा धक्का बसला, तर चार-आठ दिवस तिचा आधार घेण्यात काही गैर नाही. अडचण पुढे होते. शरीराला सवय लागते, अर्धीची एक होते. मग एका रात्री हिय्या करून ती बंद केली की आधीपेक्षाही वाईट रात्र जाते. ती रात्र औषध सुटल्याची असते, पण माणूस निष्कर्ष काढतो की गोळीशिवाय आपल्याला झोपच येत नाही. पासष्टीपुढे तर रात्री लघवीला उठताना तोल जाणं आणि खुब्याचं हाड मोडणं हा या गोळ्यांचा फार महागडा हिशेब आहे. रात्री एक पेग घेणाऱ्यांविषयी वेगळं लिहीत नाही : दारूने डोळे लवकर मिटतात आणि उत्तररात्री तिचा अंमल उतरताच झोपेचं खोबरं होतं.

घरगुती उपायांवर पुस्तकात एक प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत मजा आली. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने झोपेला शरीराच्या तीन आधारांत बसवलं. झोप न येणाऱ्याला अभ्यंग, स्नान, दहीभात, म्हशीचं दूध आणि मनाला सुख देणाऱ्या गोष्टी सांगितल्या. यातल्या म्हशीच्या दुधाबद्दल मी काही छातीठोक सांगू शकत नाही. पण आजी काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायची, त्यामागचा विचार भरीव निघाला. झोप लागण्याआधी शरीराच्या आतलं तापमान उतरावं लागतं, आणि ती उष्णता बाहेर पडते हातापायांच्या त्वचेतून. पाय उबदार असतील तर झोप लवकर लागते, असं १९९९ साली 'नेचर'मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी दाखवलं. निजण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर त्याचाही हाच गुण. जायफळाचं दूध आवडत असेल तर चिमूटभर जायफळ घालून खुशाल प्यावं. जास्त जायफळ विषारी असतं, हे मात्र घरात फारसं कुणी सांगत नाही. शवासनाने ताण उतरतो यात शंका नाही. पण झोप यावी 'म्हणून' केलेलं शवासन पुन्हा प्रयत्नाच्या खात्यात जमा होतं, तेव्हा ते संध्याकाळी करावं. आणि अंधारी खोली, मोबाईल दूर, रात्रीचं हलकं जेवण हे जे नियम मासिकांत चौकटीत छापतात, ते चुकीचे नाहीत. फक्त तेवढ्यानेच जुना निद्रानाश जात नाही. झोपेच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेने २०२१ साली हेच स्पष्ट म्हटलं. ते सगळं पाळूनही झोप आली नाही की रुग्णाला वाटतं, आपला आजार असाध्यच आहे. तो तसा नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. झोपेची प्रत्येक तक्रार निद्रानाशाची नसते. जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा, सकाळी डोकं दुखत उठणारा आणि दिवसा सिग्नलला पेंगणारा माणूस या पुस्तकाचा रुग्ण नाही. त्याने श्वसनाची तपासणी करून घ्यावी; झोपेची गोळी त्याला धोक्याचीच. संध्याकाळ झाली की पायांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं सांगणाऱ्या बाईंचं लोह आधी तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे, तेव्हा ही शक्यता दुर्मीळ नव्हे. पाळी जाण्याच्या वयात घामाने भिजून जाग येते, त्याचा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. आणि पहाटे तीनला जाग येऊन मन काळवंडत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे पुस्तक मिटून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं.

प्रकरणं ओळीने वाचलीच पाहिजेत असं नाही. नोंदवहीचा कोरा तक्ता दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आहे. त्याच्या प्रती काढून आधी दोन आठवडे भरावा आणि मगच चौथ्या प्रकरणातला अंथरुणाच्या वेळेचा हिशेब करावा. घरातल्या एकाला तरी तिसरं प्रकरण वाचायला द्यावं, कारण हा उपचार मोडतो तो बहुधा घरच्यांच्या प्रेमापोटी : "रविवार आहे, झोपू दे तिला." जे अनेक महिने झोपेची गोळी घेत आहेत त्यांनी सातवं प्रकरण सर्वांत आधी वाचावं, ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांना दाखवावं, आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत गोळी आहे तशी चालू ठेवावी.